थंडीची तयारी उन्हाळ्यात

जुलै २०२२ मध्ये आमच्या कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं. आमच्या जुन्या घरात लाकडी पेटीच्या तळाशी मायची वाकळ होती, ती दोन दिवस पाण्यात राहिली. बाहेर काढताना दोघे जण लागले, इतकी जड. पावसाळ्यात अशी वस्तू वाळत नाही. बरेच दिवस भिंतीवर, मग बाजेवर उलटीपालटी करून टाकली, तेव्हा कुठे ओल गेली. पण एका बाजूची शिवण उसवली आणि आतले थर दिसायला लागले. मोजले. सात.

सगळ्यात आतला थर जाड, भुरकट मांजरपाटाचा. माय त्याला 'कंट्रोलचं कापड' म्हणायची, हे भावंडांना आठवत असेल. त्या कापडापासून सुरुवात करतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात जून १९४३ मध्ये कापड आणि सूत यांवर सरकारी नियंत्रण आलं. महायुद्धामुळे गिरण्यांचा बराच माल सैन्याकडे जात होता आणि भाव भडकले होते. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, कायदे वेगळे, नाणंही वेगळं (सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार). पण टंचाई सरहद्दीवर थांबत नाही. गंमत अशी, की आमच्या भोवतालच्या काळ्या रानात कापूस पिकत होता, जवळ नांदेडला उस्मानशाही मिल होती आणि तरी मायला लग्नानंतरची काही वर्षं नवं लुगडं दिसलं नाही. पुढे १९४७-४८ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांचं बिनसलं, आर्थिक कोंडी झाली, त्यात कापड, मीठ, रॉकेल सगळंच आटलं. तिकडे भारतात जानेवारी १९४८ मध्ये नियंत्रण उठवलं आणि भाव चढल्यावर त्याच वर्षी परत आणलं. 'कंट्रोल' हा शब्द मात्र आमच्याकडे कायमचा राहिला. रेशनच्या दुकानाला खेड्यातली माणसं अजून कंट्रोलच म्हणतात.

त्याच १९४३ साली इंग्लंडच्या सरकारने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका छापली होती. आहे त्यात भागवा, फाटलं ते सांधा, असा उपदेश आणि रफू-ठिगळाच्या युक्त्या. तिथे जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं. ती पुस्तिका मायला दाखवली असती तर ती हसली असती. लुगडं मध्ये विरलं की उभं फाडून काठ आत घेऊन दंड घालायचा, ते पुन्हा विरलं की परकर, मग पोरांची झबली, मग वाकळीचा थर, आणि वाकळीतूनही निघालं तर चुलीजवळचं फडकं. हे सांगायला तिला सरकार लागलं नसतं.

पण आज मुद्दाम लिहायचं आहे ते वेगळंच. अलीकडे थंडी आली की लोक 'आजीच्या गोधडीची ऊब' वगैरे लिहितात, आणि त्यातून असं वाटतं की दिवाळी झाली, गारठा पडला, आणि आजीबाई सुई-दोरा घेऊन बसल्या. आमच्या भागात असं होतच नसे. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत बाईमाणसाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कापूस वेचणी, ज्वारीची राखण, तुरीची कापणी. थंडी ऐन कामाच्या हंगामात यायची, म्हणून तिची तयारी चैत्र-वैशाखात उरकलेली असायची. बाहेर अंग भाजतंय, ओसरीवर चार बाया पाय पसरून वाकळीला टाके घालताहेत, असं ते चित्र. सुईत दोरा ओवून देणं माझ्याकडे होतं. मी लांब दोरा घेतला, की माय म्हणायची, "पोरा, तुझा हा दोरा परभणीपर्यंत जाईल, तोड अर्धा." टाके कडेने सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत जायचे.

जळणाचंही तेच. तूर निघाली की तुराट्या, कापूस संपला की पळाट्या उपटून भारे बांधायचे. गोवऱ्या थापायच्या त्या उन्हात, आणि मृगाच्या आत त्या रचून वरून शेणानेच लिंपून टाकायच्या, म्हणजे पाऊस आत जात नाही. घर माळवदाचं. लाकडावर हात-दीड हात माती, भिंती तर विचारूच नका. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. पण माळवदाची माती उन्हाळ्यात सारखी केली नाही तर पावसाळ्यात गळती, आणि ओली भिंत थंडीत बर्फासारखी. म्हणजे तेही काम उन्हाळ्याचंच. थंडीत करायचं एवढंच उरे, की संध्याकाळी झरोक्यावर फरशी सरकवायची, चुलीच्या वैलावर पाण्याचं भगुणं ठेवायचं (भाकरीच्या जाळातच आंघोळीचं पाणी, वेगळं जळण नाही), आणि उललेल्या टाचांना करडईचं तेल चोळायचं.

ही साखळी किती घट्ट होती ते १९७२ च्या दुष्काळात कळलं. मी तेव्हा बी. ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो. पाऊस गेला म्हणून तूर गेली, तूर गेली म्हणून तुराट्या गेल्या. कडबा नाही म्हणून बैल विकले, बैल विकले म्हणून गोवऱ्या नाहीत. दिवसा खडी फोडून माणसं रात्री गारठायची. दुष्काळाच्या आठवणी निघतात तेव्हा सगळे सुकडी आणि मिलो सांगतात. त्या हिवाळ्यात चुलीत घालायला काही नव्हतं, हे कोणी सांगत नाही.

घोंगडी मात्र घरी होत नसे. ती धनगरांची कला. मेंढ्यांची लोकर, ताण्याला चिंचोक्याची खळ, त्यामुळे नवी घोंगडी अंगाला टोचायची. वडील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणायचे. ती यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते.

घोंगडीवरून आमच्या सालगड्याची गोष्ट सांगायलाच हवी. पाडव्याला साल ठरायचं तेव्हा पैसा, धान्य, धोतरजोडी, पायातला जोडा आणि एक घोंगडी, असं बोलणं व्हायचं. घोंगडीवर मोठी घासाघीस. आमचे वडील काही वाईट गृहस्थ नव्हते, पण 'मागच्या सालची आहे की अजून' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. सालगड्याची बायको कार्तिकात एकदा मायकडे आली. लेकरू तान्हं होतं. "बाई, एखादं जुनेरं हाय का?" मायने पेटी उघडली, त्यात वाकळीसाठी जमवलेली दोन लुगडी होती, ती मला माहीत होती. तिने पेटी लावली आणि कोपऱ्यातलं तरट काढून दिलं. धुतलेलं होतं, एवढंच. बाई ते घेऊन गेली. त्यांच्या खोपटात खाली भुसकट, वर तरट.

काटकसर करायला घरात आधी काहीतरी असावं लागतं. जिचं एकच लुगडं, ते अंगावरच विरून जाणार. तिला थर कशाचा लावायचा?

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. नायलॉनच्या साड्या, टेरिकॉट आलं. त्यांची वाकळ ऊब धरत नाही, अंगावरून घसरते ती वेगळीच. मग सोलापुरी चादरी आल्या आणि आता गुळगुळीत ब्लँकेटं, त्यातली बरीच पानिपतची. पानिपतला परदेशातून जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे येतात, यंत्रात त्यांच्या चिंध्या करून पुन्हा सूत काढतात, त्याची घोंगडीवजा ब्लँकेटं स्वस्तात विकली जातात. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की दुसरंच आठवतं, असो.

वाकळीचं काय केलं ते राहिलं. गावात आता शिलाई घेऊन गोधड्या करणाऱ्या मोजक्या बाया आहेत. त्यांतल्या एकीकडे नेऊन दिली. तिने बोटाने थर चाळले, हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "गुरुजी, एवढे थर कशाला घातले? ह्यात दोन झाल्या असत्या."

मी म्हटलं, दोनच करा. एक नांदेडला धाकट्या भावाकडे आहे, एक माझ्याकडे. पातळ झाल्यात, पहाटे वरून ब्लँकेट ओढावं लागतं.