सारवण, सडा आणि रांगोळी

मातीच्या घरात रांगोळीआधी जमीन करावी लागे. 'जमीन करणे' हा शब्दप्रयोग कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे, आणि तो अक्षरशः खरा आहे. आधी जुनी उखणलेली जमीन खणून काढायची, ढेकळे फोडायची, माती किंवा मुरूम पसरायचा, पाणी शिंपडून तो मुरवायचा आणि मग धुमसाने किंवा लाकडी चोपण्याने दिवसचे दिवस चोपत बसायचे. चोपलेला थर वाळताना त्याला भेगा पडत. त्या पुन्हा चोपून बुजवल्या जात. भेगा पडायच्या थांबल्या की शेणाचा पहिला हात फिरे.

शेणाचा उपयोग पावित्र्याच्या कल्पनेतून सुरू झाला की सोयीतून, यावर वाद घालता येईल. सोय मात्र उघड आहे. गुरांच्या पोटातून न पचता बाहेर आलेले गवताचे बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, त्यामुळे पृष्ठभाग चिरत नाही आणि धूळ उडत नाही. गोठा घराला लागूनच असल्याने हा माल विकत आणावा लागत नसे. ताजे शेण पाण्यात कालवून त्याचा सरबरीत काला करायचा, घराच्या आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि उकिडवे बसून मागे मागे सरकत दारापर्यंत यायचे. उजव्या हाताचा पंजा कमानीसारखा फिरे. एकाशेजारी एक उठलेल्या या अर्धगोल बोटांवरून सारवणारीचा हात ओळखू येई. एकसारखी, न तुटणारी बोटे उठवणारी बाई गावात नावाजली जाई, म्हणजे घरातली पहिली नक्षी रांगोळीच्याही आधी सारवणातच उमटत असे.

किती वेळा सारवायचे हे जागेवर ठरे. चुलीला जेवणे झाल्यावर रोज पोतेरे फिरे. माजघर आणि ओटी आठवड्याने किंवा सणावाराला सारवली जाई. अंगणाचे वेळापत्रक पावसाच्या हातात होते. चार महिन्यांच्या सरींनी ते धुपून जाई, त्यावर गवत माजे, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ते खरवडून नव्याने चोपावे लागे. सिंधुदुर्गाकडे अंगणालाच 'खळे' म्हणतात, आणि भात झोडायचेही तिथेच असल्याने ही डागडुजी हौसेची नव्हती. एक एक दाणा गोळा करायचा तर जमीन गुळगुळीत हवीच. कोकणात सारवणाला काळा रंग यावा म्हणून काल्यात कोळशाची पूड किंवा काजळी मिसळत. विजेऱ्या घरोघरी आल्यावर संपलेले सेल फोडून त्यातली काळी पूडही या कामी येऊ लागली. तिची जमीन पाटीसारखी काळीभोर दिसे, आणि पाटीवर पांढरे उठून दिसते. मात्र ती पूड विषारी असते हे कुणाच्या गावीही नव्हते.

भिंतींचा प्रकार वेगळा. देशावर धाब्याच्या घरांना पांढऱ्या मातीचा हात देत. 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे वस्ती, ही जुनी जोडी त्याच मातीवरून पडली आहे. ऐपत असली तर चुना, आणि चुन्याचा पिवळेपणा झाकायला त्यात चिमूटभर नीळ. खालचा हातभर पट्टा गेरूचा, कारण पावसाचे शिंतोडे आणि पोरांचे पाय तिथेच लागत. गेरूपेक्षा गडद लाल हवा असेल तर हुरमुंज. या शब्दात इराणच्या आखातातले होर्मुझ बेट लपलेले आहे. तिथली लाल माती जहाजातून पश्चिम किनाऱ्यावर येई आणि कोकणातल्या तुळशीवृंदावनांच्या कठड्यांवर चढे. साध्या घराच्या सजावटीत दूरदेशाहून आलेली बहुधा ती एकच वस्तू असावी.

बाकी बहुतेक सारे गोठ्यातून, शेतातून आणि डोंगरातून मिळे, म्हणून या सजावटीला 'फुकटातली' म्हणण्याची पद्धत आहे. ती फुकट होती ती एवढ्यासाठी, की बाईच्या कष्टांना कुणी दाम लावला नाही. शेण गोळा करणे, पाणी भरणे, सारवणे, आणि पहाटे अंगणात सडा टाकणे ही कामे दिवस उजाडायच्या आत व्हावी लागत. पेशवाईतल्या मोठ्या वाड्यांत सडासारवण कुणबिणींच्या वाट्याला असे, आणि कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी. रांगोळीच्या वर्णनांत घरच्या लक्ष्मीचे बोट दिसते. तिच्याआधी जमिनीवर फिरलेला हात बहुतेक वेळा दिसत नाही.

सडा वाळत आला, की त्या ओलसर जमिनीवर रांगोळी पडे. ही कला किती जुनी, याचे नेमके उत्तर देणे कठीण आहे, कारण रोज पुसली जाणारी गोष्ट पुरावा ठेवत नाही. ग्रंथांतले उल्लेख तेवढे उरतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत तांदूळ आणि फुलांनी आकृत्या रचण्याची कला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'त चित्रांचे प्रकार सांगताना 'धूलिचित्र' हा एक स्वतंत्र प्रकार मानला आहे. पातळ रंगाचे ते रसचित्र आणि कोरड्या पुडीचे ते धूलिचित्र. जुन्या मराठीत सडा, चौक आणि रंगमाळिका हे शब्द एकमेकांना धरून येतात. राजाच्या ग्रंथात ती विद्या आहे, घरात ती सवय होती, आणि टिकली ती सवयीमुळे.

पूड कशाची, यावर प्रदेशाची छाप आहे. तमिळ कोलम पूर्वापार तांदळाच्या पिठाचे, बंगाली अल्पना भिजवून वाटलेल्या तांदळाच्या पातळ पिठाची. भात पिकवणाऱ्या कोकणाने तांदूळ जमिनीवर टाकला नाही. भाताची फोलपटे जाळून उरलेली पांढरी राख तिथे रांगोळी म्हणून चाले. दख्खनच्या पठारावर तर तांदूळ सणासुदीचा. तिथे शिरगोळा नावाचा पांढरा ठिसूळ दगड कुटून, वस्त्रगाळ करून रांगोळी होई. काळ्या फत्तराच्या पोटातल्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरपूर सापडतात, त्यामुळे दगडाची वाण नव्हती. दगडाच्या पुडीला मुंग्या लागत नाहीत, ती ओलाव्याने चिकटत नाही आणि डबाभर भरून ठेवली तरी खराब होत नाही. डोक्यावर पाटी घेऊन 'रांगोळीऽऽ' अशी आरोळी देत फिरणाऱ्या बाया हीच पूड मापाने विकत, धान्याच्या बदल्यातही देत. चुना, नीळ आणि हुरमुंज सोडले, तर घरच्या सजावटीतली ही एकच जिन्नस अशी, जिच्यासाठी रोखीने किंवा धान्याने काही मोजावे लागे, तेही अगदी थोडे.

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून पूड सोडायची; चिमूट सैल पडली तर रेघ जाड, आवळली तर तुटक. पीठ आणि दगड यांच्या वजनातला फरक इथे जाणवतो: दगडाची पूड जड, त्यामुळे सरळ खाली पडते आणि धारदार रेघ देते.

रोजच्या दाराशी काढायची रांगोळी चार-दोन रेघांची असे. स्वस्तिक, गोपद्म, लक्ष्मीची पावले. उंबरठ्यावर एक ओळ, तुळशीपुढे एक, देवापुढे एक. सुतकात ती काढत नसत, म्हणून रिकाम्या अंगणावरून वाटसरूला घरातली बातमी कळे. चातुर्मासात मात्र तिला व्रताचे रूप येई. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिकातल्या एकादशीपर्यंत रोज ३३ गोपद्मे, म्हणजे गाईच्या खुरांच्या खुणा, काढण्याचा नेम बायका घेत. चार महिने रोज ३३ म्हणजे सुमारे चार हजार खुणा झाल्या. एका पावसाळ्यात कोवळ्या हाताला वळण लावायला याहून चांगली शाळा नव्हती, आणि लग्न होऊन आलेल्या मुलीला हा नेम पहिल्या वर्षांत घ्यायला लावण्यामागे तेही कारण असावे.

चैत्रगौरीच्या महिन्यात काढायचे चैत्रांगण हे या साऱ्याचे भांडार. गौरीचे देऊळ किंवा पाळणा मध्ये, आणि भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, ज्ञानकमळ, आरसा-फणी, करंडा. देवाची आयुधे आणि बाईची प्रसाधने एकाच चौकटीत, एकाच आकाराची. त्यात शोभेपेक्षा यादीचे काम जास्त आहे: काय पूज्य आणि काय हवेसे, याची अक्षरओळख नसलेल्या हातांनी दरवर्षी उतरवून काढलेली यादी.

देशावर आणि मराठवाड्यात दिवाळीत सारवणाचे साहित्यच उभे राहते. वसुबारसेपासून अंगणात शेणाच्या गवळणी, पेंद्या, पांडव मांडायचे, त्यांना फुले खोचायची, भोवती रांगोळी घालायची. उत्तर कोकणात वारली समाजाने हेच साहित्य भिंतीवर नेले. शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक सवाष्णी लिहीत, आणि तो लग्नापुरता असे. १९७० नंतर ही चित्रे कागदावर आणि कापडावर आली. पालघर जिल्ह्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पांढरा रंग आणि गेरूची जमीन कागदावरही तशीच राहिली. विधी करणाऱ्या बायकांच्या हातून ही चित्रे पुरुष कलाकारांच्या हाती गेली, हा बदल सहज नोंदला जात नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीने मात्र शहरी मध्यमवर्ग जिंकला. तिच्यात हात कच्चा असला तरी चालतो. ठिपके सरळ पडले की निम्मे काम झाले. ते सरळ पडावेत म्हणून एक घरगुती युक्ती निघाली. जाड कागदावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि प्रत्येक छेदबिंदूवर पेटलेली उदबत्ती टेकवायची. भोकाची कड जळून घट्ट होते, कागद फाटत नाही. असा कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली, की शंभर ठिपके क्षणात. घरोघर तो वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेला असे. पुढे हेच तंत्र विकत मिळू लागले: जाळीचे पत्र्याचे छापे, भोकांची नळी, प्लास्टिकच्या चकत्या. ठिपके जोडण्याच्या नमुन्यांच्या पातळ पुस्तिका दिवाळीच्या बाजारात आल्या, आणि आईकडून मुलीकडे जाणारे नमुने गावची शीव ओलांडून गेले.

खरा बदल जमिनीने केला. मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला, आणि वाटेतल्या शहाबादचा चुनखडीचा चपटा दगड वाघिणींतून पुण्या-मुंबईकडे येऊ लागला. योगायोग असा, की धूलिचित्राचे नाव लिहून ठेवणाऱ्या सोमेश्वराची कल्याणी शहाबादपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. शहाबादी फरशीने सारवण संपवले, पण रांगोळीला ती मानवली. तिचा करडा, किंचित खरखरीत पृष्ठभाग पूड धरून ठेवतो आणि पांढरे उठवतो. चौकोनी फरशीचे सांधे तर आयतीच चौकट देतात. चाळीतल्या बिऱ्हाडाला अंगण नव्हते. दारापुढची एक फरशी, तीही शेजाऱ्यांच्या वहिवाटीतली, हेच अंगण. रांगोळी तेवढ्यात मावली.

यानंतरच्या जमिनींशी तिचे जुळले नाही. १९२२ मध्ये मुंबईत स्वदेशीच्या भावनेतून भारत टाइल्सची सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांची निर्मिती सुरू झाली. ज्या लादीवर आधीच फुले-पाने आहेत तिच्यावर रांगोळी कुठे काढणार? पुढे मोझेक आली, ठिपक्याठिपक्यांची. मग गुळगुळीत पांढरट लादी, जिच्यावर पांढरी रेघ दिसतच नाही आणि पूड घसरते. यावर बायकांनी काढलेला तोडगा जुन्या घरातून आला. लादीवर गेरूचा हातभर चौकोन द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि त्यावर रांगोळी काढायची. सारवलेल्या जमिनीची ती नक्कल होती, जागेपुरती आणि दिवसापुरती.

पांढरे दिसेनासे झाल्याने रंग भरण्याला महत्त्व आले, असेही म्हणता येते. पूर्वी हळद, कुंकू, गुलाल, नीळ, विटेचा चुरा एवढ्यावर भागे, आणि तेही मधल्या फुलापुरते. कृत्रिम रंग स्वस्त झाल्यावर पांढऱ्या पुडीत ते कालवून वीस-पंचवीस छटा पुड्यांतून मिळू लागल्या. त्यातून दोन नव्या वाटा फुटल्या. एक प्रदर्शनातली: गुणवंत मांजरेकरांसारख्या कलावंतांनी रांगोळीत व्यक्तिचित्रे रंगवली, ज्यांना दाराची आणि पहाटेची गरज नव्हती. दुसरी रस्त्यावरची: १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारती या संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी शैली. तिच्यात चाळणीने रंगाचा गालिचा आधी पसरतात आणि त्यावर मूठभर रांगोळी पाचही बोटांतून सोडत मोठे वळसे घालतात. आधी रंगाचा थर देऊन जमीन तयार करायची आणि मग वर पांढरे काढायचे, हा क्रम सारवणाचाच आहे. पाडव्याच्या शोभायात्रांमध्ये डांबरी रस्त्यावर ती काढतात, आणि डांबर हे सारवणानंतर तिला मिळालेले सर्वांत काळे अंगण.

सिमेंटची घरकुले खेडोपाडी झाल्यापासून सारवणाला जागा उरली ती थोडी. गोठे कमी झाले, तसे शेणही विकतचे झाले. शहरांत गोवऱ्या पुडक्यांतून मिळतात. दाराशी चिकटवायच्या प्लास्टिकच्या रांगोळ्या वर्षभर तशाच राहतात, कडा उलटेपर्यंत. कोकणातल्या पुष्कळ घरांत आत लाद्या आणि बाहेर सिमेंटचा कोबा असला तरी वृंदावनाभोवतीचा चार हातांचा तुकडा मातीचा ठेवलेला असतो. कार्तिकात तुळशीच्या लग्नाआधी तो चोपला जातो, त्यावर शेणाचा हात फिरतो आणि वाळायच्या आत पांढरी रेघ पडते.