ॲनिमेशनपट लहान मुलांना दाखवावा का? पारख कशी करावी

शाळांना सुट्ट्या लागल्या की चित्रगृहांत ॲनिमेशनपटांना कुटुंबांची गर्दी होते. पडद्यावर रंगीत चित्रे, बोलणारे प्राणी आणि गाणी असल्यामुळे असा चित्रपट कोणत्याही वयाच्या मुलाला चालेल, असे बहुतेक पालक गृहीत धरतात. प्रत्यक्षात चार-पाच वर्षांचे मूल मध्यंतरापूर्वीच रडू लागते, किंवा चित्रपट शांतपणे पाहते आणि नंतर अनेक रात्री एकटे झोपायला नकार देते. ॲनिमेशन हे चित्रपट तयार करण्याचे एक तंत्र आहे. त्यावरून प्रेक्षकाचे वय ठरत नाही. जपानमध्ये १९८८ साली एकाच दिवशी, एकाच खेळात दोन ॲनिमेशनपट प्रदर्शित झाले. त्यांपैकी 'माय नेबर टोटोरो' लहान मुलांचा लाडका ठरला. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'मध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावंडांची कहाणी होती.

प्रमाणपत्र काय सांगते?

भारतात चित्रगृहांत दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांना चलच्चित्र अधिनियम, १९५२ अन्वये केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ प्रमाणपत्र देते. 'यू' म्हणजे सर्वांसाठी खुला, 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठी आणि 'एस' म्हणजे विशिष्ट व्यावसायिक वर्गासाठी. १९८३ पासून 'यूए' हा वर्ग अस्तित्वात आला. बारा वर्षांखालील मुलांनी असा चित्रपट पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा अर्थ होता. २०२३ च्या दुरुस्तीने या वर्गाचे 'यूए ७+', 'यूए १३+' आणि 'यूए १६+' असे तीन भाग करण्यात आले. हे वयाचे आकडे पालकांसाठी सूचनावजा आहेत. प्रवेशाची कायदेशीर बंदी 'ए' प्रमाणपत्रालाच लागू होते. इंटरनेटवरून घरी पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांसाठी २०२१ च्या नियमांनुसार अशीच वर्गवारी संबंधित कंपनीने स्वतः करायची असते. 'यूए १३+' आणि त्यावरील वर्गांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणेही तिच्यावर बंधनकारक आहे.

ही वर्गवारी उपयुक्त असली तरी तिला मर्यादा आहेत. 'यू' प्रमाणपत्राचा अर्थ चित्रपटात आक्षेपार्ह काही नाही, इतकाच होतो. तो तीन वर्षांच्या मुलाला समजेल किंवा झेपेल, याची ती हमी नव्हे. सात वर्षांखालील मुलांसाठी वेगळी पायरीही या वर्गवारीत नाही.

याबाबत प्रमाणन संस्थांची मतेही सारखी नसतात. डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' (१९३७) आज बालचित्रपट मानला जातो. पण ब्रिटनमध्ये १९३८ साली त्याला 'ए' प्रमाणपत्र मिळाले. त्या काळी याचा अर्थ सोळा वर्षांखालील मुलांनी प्रौढांच्या सोबतीने चित्रपट पाहावा, असा होता. भारतात २०१६ साली आलेल्या 'द जंगल बुक'मध्ये मोगली वगळता जवळजवळ सर्व सृष्टी संगणकावर निर्माण केलेली होती. त्याला 'यूए' प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा बरीच चर्चा झाली. १९९३ साली दूरदर्शनवर याच कथेवरील जपानी ॲनिमेशन मालिका देशभरातील मुलांनी आवडीने पाहिली होती. तथापि, त्रिमितीय पडद्यावर प्राणी प्रेक्षकांच्या अंगावर झेपावतात, असे कारण मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी दिले. निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात, परंतु तीच कथा माध्यम बदलताच अधिक भीतिदायक होऊ शकते, हा मुद्दा पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

वयानुसार भीती बदलते

सात वर्षांखालील मुले प्रामुख्याने जे दिसते त्याला घाबरतात. अक्राळविक्राळ चेहरा, अचानक होणारे रूपांतर, अंधार आणि मोठा आवाज ही त्यांच्या भीतीची मुख्य कारणे असतात. अमेरिकेतील संशोधक जोआन कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेचा मुलांवरील परिणाम अभ्यासला होता. नायकाचे हिरव्या राक्षसी देहात रूपांतर झाले की शाळापूर्व वयाची मुले सर्वाधिक घाबरत. तो राक्षस संकटातल्या माणसांना वाचवायला आला आहे, याने त्यांना दिलासा मिळत नसे. मोठी मुले त्याआधी, म्हणजे नायक संकटात सापडल्यावर घाबरत. रूपांतरानंतर त्यांना हायसे वाटे.

म्हणूनच 'ते पात्र चांगले आहे' हे स्पष्टीकरण सात-आठ वर्षांच्या मुलाला पटते, चार वर्षांच्या मुलाला पुरत नाही. आठव्या-नवव्या वर्षापासून भीतीचे स्वरूप पालटते. राक्षसांचे भय ओसरते आणि अपघात, आजार, आईवडिलांचा मृत्यू यांसारख्या खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींची चिंता वाढते.

परिचित कथांबाबत पालक अनेकदा फसतात. प्रल्हादाची कथा घरोघरी सांगितली जाते. ऐकताना मूल आपल्याला पेलेल तेवढेच चित्र मनात रंगवते. सांगणारी आजीही नातवंडाचा चेहरा पाहून तपशील कमी-अधिक करते. 'महावतार नरसिंह' (२०२५) सारख्या भव्य ॲनिमेशनपटात ते चित्र आयते आणि पूर्ण आवाजासह समोर येते. शिवाय या कथेत मुलाला छळणारा त्याचा पिताच असतो. कथा ओळखीची असल्याने दृश्येही सोसवतील, असे मानणे योग्य नाही.

दोन चित्रपटांचा दाखला

'फाइंडिंग निमो' (२००३) आणि 'द लायन किंग' (१९९४) या दोन्ही चित्रपटांना अमेरिकेत सर्व वयांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले होते आणि दोन्हींत आई किंवा वडिलांचा मृत्यू आहे. 'निमो'च्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच बॅराकुडा मासा हल्ला करतो. निमोची आई आणि एक वगळता सर्व अंडी नाहीशी होतात. मात्र प्रत्यक्ष मृत्यू दाखवलेला नाही. पिता शुद्धीवर येतो तेव्हा घर रिकामे असते. अगदी लहान मुलाच्या नजरेतून हा प्रसंग निसटू शकतो. त्याला पुढचा शार्कचा पाठलाग किंवा खोल अंधारातला दातेरी मासा अधिक घाबरवतो. 'लायन किंग'मध्ये मात्र मुफासाचा मृत्यू उघडपणे दिसतो आणि छावा निश्चल पित्याला उठवू पाहतो. त्यानंतर काका त्या पिल्लालाच दोषी ठरवतो. आपल्यामुळेच वाईट घडले, ही भावना लहान मुलांच्या मनात सहज घर करते. त्यामुळे नुकतेच घरातील कोणाचे निधन झालेल्या किंवा आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलाला हा प्रसंग वयाने मोठे असूनही जड जाऊ शकतो.

आधी काय तपासावे?

चित्रपटाच्या जाहिरातीत बहुधा विनोदी प्रसंगच निवडलेले असतात. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी संपूर्ण कथानक वाचणे, शक्य असल्यास चित्रपट स्वतः पाहणे हा उत्तम मार्ग होय. तेवढा वेळ नसल्यास पहिली दहा मिनिटे आणि शेवटचा अर्धा तास पाहावा. बहुतेक चित्रपटांत ताटातूट आरंभी आणि संघर्ष अखेरीस येतो. तपासताना पुढील प्रश्न उपयोगी पडतात :

- आई-वडिलांचा मृत्यू किंवा ताटातूट आहे का? ती दिसते की केवळ सूचित होते?
- धोका बाहेरून येतो की घरातल्याच माणसाकडून?
- भीतीच्या प्रसंगानंतर दिलासा लवकर मिळतो का?
- अनुकरण केल्यास इजा होईल अशा कृती, उदाहरणार्थ उंचावरून उडी मारणे, गमतीच्या म्हणून दाखवल्या आहेत का?
- संवादांची भाषा मुलाला कळते का?

शेवटचा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. पडद्यावरील भीती चित्रांतून येते, पण धीर शब्दांतून दिला जातो. इंग्रजी किंवा हिंदी संवाद न समजणाऱ्या मराठी घरातील मुलापर्यंत केवळ भीतीच पोहोचते. वाचता न येणाऱ्या वयात पडद्याखालील शब्दांचाही उपयोग नसतो.

चित्रगृह की घर?

चित्रगृहातील अंधार, भव्य पडदा आणि मोठा आवाज परिणाम कित्येक पटींनी वाढवतात. घरी आवाज कमी करता येतो, दिवा लावता येतो, चित्रपट थांबवता येतो. पहिल्यांदा चित्रगृहात नेताना साधा द्विमितीय खेळ निवडावा आणि वाटेलगतच्या खुर्च्या घ्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला कमाल एक तास सांगितली आहे. बहुतेक ॲनिमेशनपट दीड तासाच्या आसपास असतात; त्यामुळे घरी तो दोन दिवसांत दाखवणे सोयीचे ठरते.

झपाट्याने लुकलुकणाऱ्या प्रकाशाकडेही लक्ष हवे. १९९७ साली जपानमध्ये 'पोकेमॉन'चा एक भाग पाहताना अशा दृश्यांमुळे शेकडो मुलांना त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले होते. मुलाला फिट येण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

मूल घाबरल्यास

'हे खोटे आहे, घाबरायचे काय?' असे म्हणण्याचा लहान मुलांवर फारसा परिणाम होत नाही. त्यांना जवळ घेणे, पाणी देणे, आवडते खेळणे हाती देणे आणि गरज वाटल्यास बाहेर नेणे अधिक परिणामकारक असते. मोठ्या मुलांना दृश्य कसे तयार केले जाते, हे समजावून सांगितल्यास मदत होते. तिकिटाचे पैसे वाया जातील म्हणून रडणाऱ्या मुलाला बसवून ठेवू नये, किंवा भावंडांसमोर त्याची थट्टा करू नये. घरी आल्यावर 'तुला कोणता भाग आवडला आणि कोणता नाही?' असे विचारावे. मूल स्वतःहून बोलले तर भीती लवकर ओसरते. झोप, भूक किंवा वागणूक अनेक दिवस बिघडलेली राहिल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

भीतीचा लवलेशही नसलेली कथा मुलांना मिळावी, असा याचा अर्थ नाही. हरवलेला निमो पित्याला पुन्हा भेटतो, तेव्हाचा आनंद आधीच्या काळजीमुळेच मोठा होतो. ती काळजी पेलण्याची आपल्या मुलाची तयारी झाली आहे का, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. ते मुलाला रोज पाहणाऱ्या पालकांनाच ठरवावे लागते. तयारी नसल्यास चित्रपट वर्ष-दोन वर्षांनी दाखवता येतो.