तळटीप ७ : ‘हँक’

७. हँक : लेखकाने नुसतं नाव घेऊन सोडून दिलं आहे, अमेरिकी वाचकाला तेवढं पुरतं. जॉन आर. एरिक्सन यांच्या ‘हँक द काऊडॉग’ या विनोदी बालकथामालेचा हा नायक, गुरं राखणारा कुत्रा. टेक्सासच्या उत्तर टोकाला पॅनहँडल नावाचा सपाट, वाऱ्याचा मुलूख आहे. तिथल्या एका रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या विस्तीर्ण कुरणावर, हँक राहतो आणि स्वतःला तिथला सुरक्षाप्रमुख म्हणवतो. नेमणूक कुणी केली, हे विचारू नये. गोष्ट तोच सांगतो. त्याच्या बढायांच्या फटींतून खरं काय घडलं ते लहान पोरालाही दिसतं, दिसत नाही ते फक्त हँकला. माझ्या मते मालेची सगळी गंमत यातच आहे. जोडीला ड्रोव्हर हा आखूड शेपटीचा, भित्रा साथीदार. संकट आलं की याचा पाय दुखायला लागतो. पीट नावाचा बोका हँकला हटकून बनवतो.

एरिक्सन यांनी स्वतः काऊबॉय म्हणून नोकरी केलेली, त्यामुळे कुरणावरच्या कामांचे तपशील पक्के आहेत. हँक आधी ‘द कॅटलमन’ या गुरंपालकांच्या मासिकात, म्हणजे मोठ्यांसाठीच, अवतरला होता. १९८२मध्ये एरिक्सन यांनी ‘मॅव्हरिक बुक्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १९८३मध्ये मालेतलं पहिलं पुस्तक आलं. चित्रं जेराल्ड होम्स यांची. ध्वनिमुद्रित आवृत्त्यांत गोष्टी एरिक्सनच वाचतात, आणि मधली गाणीही म्हणतात. –संपा.