एका प्रश्नचिन्हाचा इतिहास

३१ डिसेंबर १९६० च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेस्ली फ्लॉरेन्स या स्कॉटिश डॉक्टरांचं एक छोटं पत्र छापून आलं. त्यांच्या चार रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येत होत्या, बधिरपणा जाणवत होता. चौघेही बराच काळ थॅलिडोमाइड घेत होते. डॉक्टरांनी ठाम विधान केलं नाही, एवढंच विचारलं : याला ही गोळी कारणीभूत असेल का?

थॅलिडोमाइड ही झोपेची गोळी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात असलेली बार्बिट्युरेट्स जास्त घेतली गेली, तर माणूस दगावत असे. त्यामुळे जास्त घेऊनही जीव न जाणारी गोळी म्हणून १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत आलेलं थॅलिडोमाइड लोकांना वरदानच वाटलं. ते तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही मिळे. अमेरिकेत मात्र एफडीएच्या फ्रान्सिस केल्सी यांनी त्याला परवानगी दिली नव्हती. फ्लॉरेन्सचं पत्र वाचल्यावर त्यांनी कंपनीकडे आणखी पुरावे मागितले. नोव्हेंबर १९६१ मध्ये हे औषध जर्मनीतल्या बाजारातून काढून घेतलं गेलं. तोवर जगभरात हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली होती.

या धक्क्यातून दुष्परिणामांच्या नोंदींची यंत्रणा उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९६४ साली ‘यलो कार्ड’ आलं. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशीच्या नोंदी एकत्र करायला सुरुवात केली. पण हजारो डॉक्टर आपापल्या शंका कळवू लागले, तेव्हा नवा पेच उभा राहिला : कोणती शंका किती गांभीर्याने घ्यायची? १९८१ मध्ये नारान्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी दहा प्रश्नांची मोजपट्टी मांडली. त्रास औषधानंतर सुरू झाला का? बंद केल्यावर कमी झाला का? पुन्हा दिल्यावर परतला का? दुसरं कारण असू शकतं का? नऊ किंवा अधिक गुण म्हणजे ‘निश्चित’, पाच ते आठ ‘बहुधा’, एक ते चार ‘शक्य’.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकाच दिवशी दोन बदल केले आणि प्रणाली कोलमडली, तर दोष कोणत्या बदलाचा हे सांगता येत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळतं. आईच्या घोट्यांवर सूज आली, तेव्हा नेमकं असंच झालं होतं. झोप लागत नाही म्हणून तिला झोल्पिडेम सुरू झालं होतं आणि त्याच सुमारास रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनचा डोस वाढवला होता. झोल्पिडेमच्या अमेरिकी माहितीपत्रकात सुजेची नोंद ‘क्वचित’ या सदरात आहे, म्हणजे शंभरात एकाहून कमी. अ‍ॅम्लोडिपिनमुळे मात्र घोटे सुजणं नेहमीचंच. या गोळीने धमन्यांची बारीक टोकं सैलावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूच्या पेशीजालात झिरपतं.

झोपेच्या गोळीचे गुण मी मोजून पाहिले. आधीची नोंद : एक. गोळीनंतर त्रास : दोन. दुसरं कारण हजर : वजा एक. बेरीज दोन, म्हणजे ‘शक्य’. आई म्हणाली, “मग दोन्ही गोळ्या बंदच करते.” डॉक्टरांनी तिला थांबवलं. रक्तदाबाची गोळी मनाने सोडणं धोक्याचं, आणि झोल्पिडेम एकदम थांबवलं तर झोप आणखी उडू शकते. त्यांनी आधी हृदय आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घेतल्या, मग फक्त रक्तदाबाची गोळी बदलली. झोपेची तशीच ठेवली. दोन आठवड्यांत सूज उतरली. दोन्ही एकदम बंद केल्या असत्या तरी ती उतरलीच असती. पण मग आईने उरलेलं आयुष्य चुकीच्या गोळीला दोष दिला असता.

चेहरा, जीभ किंवा घसा सुजणं ही मात्र वेगळी गोष्ट. ती अ‍ॅलर्जी असू शकते आणि तिथे गुण मोजत बसायला वेळ नसतो. २००७ मध्ये एफडीएने झोपेच्या औषधांवर तसा इशारा छापायला लावला.

थॅलिडोमाइडचं पुढे काय झालं? कुष्ठरोगातल्या वेदनादायी गाठींवर त्याचा उपयोग होतो, हे जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांना दिसलं, तेही रुग्णांना झोप लागावी म्हणून ते दिलं असताना. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी आणि २००६ मध्ये मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. आज त्याच्या दुष्परिणामांच्या यादीत सूजही आहे. मायलोमात ते डेक्सामेथासोनबरोबर देतात, आणि तेही शरीरात पाणी धरून ठेवतं. त्यामुळे थॅलिडोमाइडचा वाटा किती, हे कळायला नुसतं डेक्सामेथासोन घेणाऱ्यांशी तुलना करावी लागते.

भारतात २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णालाही दुष्परिणाम कळवता येतो. त्यासाठी खात्री असण्याची अट नाही, शंका पुरते. फ्लॉरेन्सकडेही तेवढीच होती.