चैत्रातील जत्रा: संगमनेर परिसरातील खाऊ, हगामा आणि तमाशाचा फड

१/ महाराष्ट्रातील बहुतेक गावजत्रा अंगाची काहिली होणाऱ्या चैत्र-वैशाखातच का भरतात? प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरच्या परिसरात या प्रश्नाचे उत्तर चांगले शोधता येते. येथील जत्रेच्या पत्रकाचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो: पहाटे अभिषेक, सकाळी कावडीची मिरवणूक, दुपारी शेरणी, सायंकाळी छबिना, रात्री शोभेची दारू आणि लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा. या चार-सहा ओळींमागे शेती, पैसा, जात आणि स्त्रियांचे स्थान यांचा मोठा इतिहास आहे.

२/ प्रथम काळाचा विचार. फाल्गुनापर्यंत रब्बीची ज्वारी, गहू आणि हरभरा खळ्यातून घरात येतो. खरिपाची पेरणी मृग नक्षत्राशी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याशी, बांधलेली. मधले आठ-दहा आठवडे कणगी भरलेली आणि औत मोकळे असते. पाडव्याला जुन्या सालगड्याचे साल संपे आणि नव्याशी बोली होई. वर्षभरात शेतकरी, मजूर आणि कारागीर अशा सर्वांच्या हाती थोडा पैसा आणि थोडी सवड एकाच वेळी असण्याचा हा एकमेव काळ होता. जत्रा उन्हाळ्यात भरते ती उन्हासाठी नव्हे, या सवडीसाठी.

३/ प्रत्येक गावच्या दैवताची तिथी वेगळी. त्यामुळे एका गावची जत्रा उठली की मिठाईवाला, पाळणेवाला, कासार, पैलवान आणि तमाशाचा फड पुढच्या गावी निघतो. या फिरत्या मंडळींच्या दृष्टीने चैत्र-वैशाख ही अनेक गावांवरून जाणारी एकच लांब बाजारपेठ असते. चैत्र पौर्णिमेसारखी तिथी अनेक गावांनी धरलेली असल्याने त्या दिवशी फड मिळणे कठीण आणि महाग. देवाच्या पंचांगाला असा बाजाराचाही हिशेब जोडलेला आहे.

४/ जत्रेचा खर्च लोकवर्गणीतून होतो. घरटी पट्टी बसते, पंच ती गोळा करतात आणि जत्रा पार पडल्यावर हिशेब गावापुढे ठेवला जातो. वर्षभर बांधावरून भांडणारी दोन घरेही पट्टी भरतात, कारण पट्टी न भरणे म्हणजे आपण या गावचे नाही असे जाहीर करण्यासारखे असते. गोदावरीचे पाणी कावडीतून पायी आणणारे तरुण, सासरहून आलेल्या लेकी आणि शहरातून परतलेले नोकरदार या दिवशी एकाच पारावर भेटतात.

५/ आता खाण्याकडे वळू. जत्रेत दोन प्रकारचे जेवण असते. पहिले घरातले: देवाला पुरणपोळीचा नैवेद्य आणि पाहुण्यांसाठी पुरण, सार, कुरडया. जिथे दैवताला चालते तिथे दुसऱ्या दिवशी मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. या जेवणात मान असतो. कोणाला आवतण दिले, कोण पंगतीला आले आणि कोण आले नाही, याची चर्चा पुढच्या जत्रेपर्यंत चालते.

६/ दुसरे जेवण मैदानातले. रेवड्या, गुडदाणी, बत्तासे, फुटाणे, गुळाच्या पाकात घोळवलेली गोडी शेव, कढईतून थेट पुड्यात पडणारी जिलेबी आणि कांदा-मिरची घातलेली ओली भेळ. या यादीत दुधाचे पदार्थ फारसे नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चाळीस अंशांच्या उन्हात खवा टिकत नाही. तीळ, गूळ, साखर, बेसन आणि मुरमुरे मात्र टिकतात, गाडीवर लादता येतात आणि एका जत्रेत उरले तर पुढच्या जत्रेत विकता येतात. जत्रेची चव अशा रीतीने उन्हाने आणि रस्त्याने ठरवली आहे.

७/ या खाऊचा एक सामाजिक नियमही आहे. तो मैदानात खायचा आणि घरीही न्यायचा. जत्रेहून रिकाम्या हाताने परतणे अशुभ नसले तरी लाजिरवाणे खचितच मानले जाई. शेजारी, म्हातारी माणसे, राखणीला थांबलेला गडी या सर्वांना मूठ मूठ रेवडी पोहोचते. जत्रेला न गेलेल्यालाही अशा रीतीने जत्रेत वाटा मिळतो.

८/ विसाव्या शतकात या गोडव्याचा पायाच बदलला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या पट्ट्यात ऊस फोफावला. १९५० मध्ये लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे संगमनेरातही भाऊसाहेब थोरातांच्या नेतृत्वाखाली सहकारी कारखाना आला. उसाच्या पैशाने जत्रेची पट्टी वाढली, इनामे वाढली आणि मोठे फड बोलावण्याची गावांची ऐपतही वाढली. मात्र कालव्यापासून दूर असलेल्या पठारभागातील गावांच्या जत्रा पावसावर अवलंबून राहिल्या. कोरड्या सालात तेथे पट्टीच जमत नसे.

९/ कुस्त्यांच्या फडाला या भागात ‘हगामा’ म्हणतात. सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होते आणि त्यांचे बक्षीस असते मूठभर रेवड्या किंवा एक नारळ. पुढे रुपये चढत जातात आणि अखेरची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची. रेवडीवर लढलेला मुलगा काही वर्षांनी त्याच मातीत शेवटच्या कुस्तीला उतरताना पाहणे हा जत्रेकरूंचा खास आनंद असतो.

१०/ बैलगाडा शर्यतीचा इतिहास अलीकडचा असूनही नाट्यमय आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत पुणे-नाशिक पट्ट्यातील अनेक घाट ओस पडले. प्राण्यांचे हाल आणि गावाची परंपरा यांतील हा वाद न्यायालयात मिटला असला तरी अटी पाळल्या जातात का, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

११/ रात्रीचा मान तमाशाचा. आणि तमाशाच्या इतिहासात संगमनेरचे नाव फार जुने आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हे संगमनेरचे. मूळ आडनाव घोलप, जन्म ब्राह्मण कुटुंबात. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या सहवासामुळे त्यांना ‘फंदी’ हे नाव चिकटले, असे सांगतात. सिन्नरजवळच्या वावीचे शाहीर परशराम त्यांना समकालीन होते. पेशवाईच्या उत्तरार्धात लावणी-पोवाड्याचा जो बहर आला, त्यात या टापूचा वाटा लक्षणीय आहे.

१२/ फंदींविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. महेश्वरी अहिल्याबाई होळकरांनी त्यांना तमाशा सोडण्याविषयी सुनावले आणि ते कीर्तनाकडे वळले. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. अठराव्या शतकातही तमाशाकडे पाहण्याची नजर दुहेरी होती: रात्री ऐकायचे आणि सकाळी नाक मुरडायचे. जत्रेतील मनोरंजनाचा पुढचा सारा इतिहास या दुहेरी नजरेचा आहे.

१३/ ढोलकी फडाच्या तमाशाचा क्रम असा: गणपतीला वंदन करणारा गण, मग कृष्ण, पेंद्या, मावशी यांची गौळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही साथ. गौळणीत देवाची थट्टा चालते, वगात राजाची, आणि सोंगाड्या हजरजबाबीपणाने गावच्या पाटलालाही सोडत नाही. वर्षभर ज्यांच्यापुढे बोलायची सोय नाही, त्यांना त्यांच्याच तोंडावर हसण्याची मुभा या एका रात्री असते.

१४/ ही मुभा देणारे कलावंत प्रामुख्याने मांग, महार, कोल्हाटी या समाजांतून आले. ज्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्याच कलेवर गावाची सर्वांत मोठी रात्र उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच कलावंत देवापुढे ‘हजेरी’ देतात. रात्रभर जागून, रंग पुसून झाल्यावर पुन्हा गाणे. ती सेवा मानली जाते, आणि श्रमही असतेच.

१५/ सत्तेलाही जत्रेची भीती वाटते. लंडनच्या स्मिथफील्ड मैदानात बाराव्या शतकापासून भरणारी बार्थोलोम्यू जत्रा बेशिस्त आणि अनैतिकतेच्या कारणावरून १८५५ मध्ये कायमची बंद झाली. मुंबई राज्यातही १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितली, सुधारणा समिती नेमली गेली आणि वगांच्या पूर्वतपासणीची अट घालून बंदी उठली. लंडनची जत्रा संपली. तमाशा मात्र ‘लोकनाट्य’ हे नवे नाव लावून टिकला. आजच्या पत्रकांवरील ‘लोकनाट्य तमाशा’ या जोडशब्दात तो तह अजून दिसतो.

१६/ संगमनेर शहरातील चैत्री उत्सवाची एक घटना याच संदर्भात पाहावी. २३ एप्रिल १९२९, हनुमान जयंती. ब्रिटिश प्रशासनाने रथाच्या मिरवणुकीला मनाई केली आणि पोलिसांनी रथाभोवती कडे केले. पुरुष मंडळी अडून राहिली असता झुंबरबाई अवसक यांच्या पुढाकाराने शहरातील स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांनी रथ ओढून नेला. तेव्हापासून रथ ओढण्याचा पहिला मान स्त्रियांचा. आणि ज्या पोलिसांनी तो अडवला होता, तेच खाते आता सन्मानाने ध्वज घेऊन येते.

१७/ तथापि जत्रेतील सर्व स्त्रियांच्या वाट्याला हा मान आला नाही. दिवसा मैदान बायका-मुलांचे: बांगड्या, पाळणे, रेवड्या. रात्री कनातीपुढचा प्रेक्षक पुरुषांचा आणि मंचावरच्या स्त्रिया दुसऱ्याच कोणाच्या लेकी. रथ ओढणाऱ्या स्त्रीला गावाने वंदनीय मानले. नाचणाऱ्या स्त्रीवर दौलतजादा उधळला, पण घराचे दार उघडले नाही.

१८/ या पार्श्वभूमीवर कांताबाई सातारकरांचे आयुष्य महत्त्वाचे ठरते. साताऱ्यात वाढलेल्या कांताबाई तुकाराम खेडकरांच्या फडात नावारूपाला आल्या. लावणीइतकीच त्यांची वगातील कामे गाजली आणि छत्रपती शिवाजी महाराजांसारख्या पुरुष भूमिकाही त्यांनी केल्या. १९६४ मध्ये खेडकरांचे निधन झाले. पदरी मुले असलेल्या कांताबाईंनी पुढे स्वतःचा फड उभा केला आणि संगमनेर हे त्यांचे घर झाले. पुत्र रघुवीर खेडकर यांनी तोच फड पुढे चालवला. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने दिला जाणारा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार कांताबाईंना मिळाला.

१९/ फड चालवणे म्हणजे काय, हे संगमनेरहून पुण्याच्या वाटेवरील नारायणगावात कळते. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, तारीख आणि रक्कम ठरते, सुपारी फुटते. फडमालकाने कलावंतांना हंगामाआधीच उचल दिलेली असते आणि ती बहुधा कर्जातून. दसऱ्याला सुरू झालेला हंगाम बुद्धपौर्णिमेला संपतो, पण कर्ज फिटते ते चैत्र-वैशाखाच्या जत्रांमध्ये. हे दोन महिने बुडाले तर सारे वर्ष बुडते.

२०/ आणि ते बुडाले. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस होता २५ मार्च २०२०, म्हणजेच गुढीपाडवा. ऐन सुपाऱ्यांच्या दिवशी रस्ते बंद झाले. २०२१ च्या चैत्रात दुसरी लाट आली आणि जत्रा पुन्हा रद्द झाल्या. मिठाईवाले, पाळणेवाले, पैलवान, वादक, नर्तकी, तंबू ठोकणारे मजूर या सर्वांचे सलग दोन हंगाम गेले. २५ मे २०२१ रोजी कांताबाई सातारकरांचे संगमनेर येथे करोनाने निधन झाले. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, एरवी फडांनी कनाती उतरवण्याचा दिवस.

२१/ २०२२ पासून जत्रा पुन्हा भरू लागल्या. आज फडांपुढे ऑर्केस्ट्रा, डीजे आणि मोबाइल यांचे आव्हान आहे आणि वग पाहण्यासाठी पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक घटला आहे. तरी पत्रकावरच्या ओळी बदललेल्या नाहीत. पुढच्या चैत्रात एखाद्या गावच्या जत्रेत गोडी शेवेचा पुडा हाती घ्याल, तेव्हा रात्रीच्या तमाशाबरोबर सकाळच्या हजेरीलाही थांबावे. तेथे गर्दी थोडी असते, आणि गाणारी माणसे रंगाशिवाय दिसतात.