गल्ली वगळून दिल्ली

आपल्याकडे ‘गल्ली ते दिल्ली’ म्हणतात. अमेरिकेतल्या भारतीयांच्या हितासाठी झटणाऱ्या संघटनांचा इतिहास वाचताना मला वाटते, की आपण इथली दिल्ली, म्हणजे वॉशिंग्टन, गाठली. गल्ली मात्र राहून गेली.

सुरुवात दलीपसिंग सौंद यांच्यापासून करायला हवी. १९२० साली ते पंजाबातून बर्कलीला शिकायला आले, गणितात पीएच.डी. मिळवली आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीत शेती केली. १९२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भारतीयांसाठी नागरिकत्वाचे दार बंद झाले होते. ते उघडावे म्हणून संघटनांनी वॉशिंग्टनमध्ये खटपट केली. सौंदही त्यात होते. १९४६ साली ल्यूस-सेलर कायदा झाला. इथपर्यंतचे यश संघटनांचे.

पुढची गोष्ट गावातली. १९४९ च्या डिसेंबरात सौंद नागरिक झाले. पुढच्याच वर्षी वेस्टमोरलँड या छोट्या गावी न्यायाधीशपदाची निवडणूक त्यांनी जिंकली. पण नागरिक होऊन वर्ष झाले नव्हते म्हणून ती निवड रद्द झाली. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. १९५६ मध्ये ते थेट काँग्रेसवर गेले, पहिले आशियाई वंशाचे सदस्य म्हणून! त्यांना मत देणारे बहुतेक लोक भारतीय नव्हते. ते त्यांचे शेजारीपाजारी होते.

सौंद यांची कारकीर्द १९६३ च्या आरंभी संपली. त्यानंतर भारतीय वंशाचा प्रतिनिधी त्या सभागृहात दिसला तो २००५ मध्ये, बॉबी जिंदाल यांच्या रूपाने. मधली बेचाळीस वर्षे कोणीच नाही! आणि याच काळात, १९६५ च्या नव्या कायद्यानंतर, आपले डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक मोठ्या संख्येने इथे आले. संघटनाही निघाल्या. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिकाच्या प्रयत्नांमुळे १९८० च्या जनगणनेत भारतीयांसाठी वेगळा रकाना आला. १९९३ मध्ये काँग्रेसमध्ये इंडिया कॉकस सुरू झाला. २००८ च्या अणुकरारासाठी तर आपल्या मंडळींनी खासदारांचे उंबरठे झिजवले. हे काम मोलाचेच. पण आपला सभासद राहतो त्या गावात स्कूल बोर्डावर, टाउन कौन्सिलवर कोण आहे, तिथे आपल्यापैकी कोणी उभे राहील का, हा प्रश्न या संघटनांच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच आला.

त्याची किंमत १९८७ मध्ये कळली. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने भारतीयांना हाकलून देण्याची धमकी वर्तमानपत्राला पत्र पाठवून दिली. शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला इतके मारले की तो दगावला. अशा वेळी वॉशिंग्टनची ओळख किती कामाची? पोलीस, महापौर, सरकारी वकील, सगळे स्थानिक. आणि तिथे आपले ऐकणारे माणूस शोधावे लागत होते. त्याच होबोकेनमध्ये रवी भल्ला २००९ मध्ये नगर परिषदेवर आणि २०१७ मध्ये महापौरपदी निवडून आले. मधली तीस वर्षे पायरी-पायरीने चढण्यात गेली.

आपली मराठी माणसेही अशीच चढली. कुमार बर्वे १९९० मध्ये मेरिलंडच्या विधानसभेवर निवडून आले. राज्य विधिमंडळावर जाणारे ते पहिले भारतीय वंशाचे अमेरिकन. नागपूरच्या स्वाती दांडेकर यांनी १९९६ मध्ये आयोवात स्कूल बोर्डापासून सुरुवात केली आणि २००२ मध्ये विधानसभा, २००८ मध्ये राज्याची सिनेट गाठली. बेळगावकडचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत हरले. २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत गेले आणि २०२२ मध्ये काँग्रेसवर. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, गोखले तिचे अध्यक्ष होते, हे आठवले तर ही वाट आपल्याला परकी वाटू नये.

आता आपल्या मंडळांकडे वळू. गणेशोत्सवाला खासदारांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो. पण मुलांच्या शाळेला दिवाळीची सुट्टी द्यायची की नाही, हे खासदार ठरवत नाहीत. बहुतेक ठिकाणी ते स्कूल बोर्ड ठरवते. प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा वाटा शाळांना जातो, त्याचा हिशेबही तिथेच होतो. “मंडळाला राजकारण वर्ज्य आहे,” असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे. ५०१(सी)(३) संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. पण पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणी करता येते, सर्व उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावता येते. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे असलेल्यांना मत नसते, पण स्कूल बोर्डाच्या खुल्या सभेला जाऊन बसता येते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. दिवाळीच्या कार्यक्रमात नाटकाच्या तिकिटांच्या टेबलाशेजारी एक टेबल मतदार नोंदणीचे मांडावे. मंडळाच्या वार्तापत्रात गावोगावच्या स्कूल बोर्डाच्या सभांच्या तारखा छापाव्यात. आणि आपल्यापैकी कोणी उभे राहिलेच, तर मंडळाने नव्हे, आपण प्रत्येकाने नागरिक म्हणून त्याच्यासोबत शनिवारी चार दारे ठोठवावीत. सौंद यांच्यानंतर पडलेला बेचाळीस वर्षांचा खंड आपल्या मुलांच्या वाट्याला पुन्हा येऊ नये, यासाठी एवढे तरी आपल्या हातात आहे.