चिमटा आणि चकती

नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या केळझरला लोकपरंपरा महाभारतातली एकचक्रानगरी मानते. बकासुरासाठी अन्नाचा गाडा घेऊन भीम निघाला तो इथूनच, असे गावात सांगतात. तो गाडा थांबवायचा तर बैलच थांबवावे लागत. आज सिद्धिविनायकाच्या टेकडीखाली मोटारींची रांग लागते आणि याच सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. तिथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. बैलाच्या चालीपासून या वेगापर्यंतच्या प्रवासाचे श्रेय आपण इंजिनाला देतो. थांबवणाऱ्याचा इतिहास मात्र चाकाआड राहतो.

1902 साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. हाच डिस्क ब्रेक. त्यातला चिमटा म्हणजे कॅलिपर. पण धातूवर धातू घासून तो किंचाळे आणि लवकर झिजे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनॉचा ड्रम ब्रेक आला आणि पुढची पन्नास वर्षे त्याची झाली. ड्रममध्ये उष्णता कोंडते. लांब उतारावर ब्रेकची पकड सुटत जाते. 1953 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हा उघड्या चकतीचे महत्त्व जगाला पटले. आपली जुनी अँबेसेडर मात्र चारही चाकांना ड्रम लावून धावत होती.

कॅलिपर तपासण्याच्या प्रत्येक नियमामागे अशीच एखादी जुनी चूक आहे. ब्रेकच्या अस्तरात पूर्वी ॲस्बेस्टॉस असे, त्याची धूळ फुप्फुसात जाई. म्हणून धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि कमी तापमानाला उकळू लागते. डॉट 3 ताजे असताना किमान 205 अंशांपर्यंत टिकते, ओल धरल्यावर ती हमी 140 वर येते. म्हणून ते ठरल्या मुदतीत बदलायचे.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ओट लावून आणि जॅकवर नव्हे, स्टँडवर उभी असावी. कॅलिपर सोडवला की तारेने टांगावा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. सरकत्या कॅलिपरच्या गाइड पिना हाताने सहज सरकायला हव्यात. त्या अडकल्या की एक पॅड झिजतो, दुसरा जाड राहतो. पिनांना ब्रेकचेच ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. पिस्टनभोवतालचे रबर फाटले असेल किंवा तेल पाझरत असेल, तर गाडी कारागिराकडेच न्यावी.

सगळे जोडल्यावर एक काम बहुतेकांच्या हातून राहते. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा दाबलेले पेडल थेट तळाला जाते. गाडी हलवण्याआधी, जागेवरच, पेडल घट्ट लागेपर्यंत ते पुन्हा पुन्हा दाबावे. महामार्ग केळझरहून फार लांब नाही.